‘नुसतं खेळतो’ म्हणजे नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा. आठवड्यातल्या चार संध्याकाळी क्लास असतात: चित्रकला, स्केटिंग, गाणं आणि अंकांचा एक. उरलेल्या दिवशी आजूबाजूची दोन-तीन मुलं खेळायला येतात, पण अर्ध्या तासात भांडण होतं, कुणीतरी रडतं आणि तुम्हाला मध्ये पडावं लागतं. एकटा असला की ‘कंटाळा आला’ म्हणत तो तुमच्या मागे मागे फिरतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, क्लास कमी करा, त्याला नुसतं खेळू द्या. तुम्हाला पडलेला प्रश्न असा, की नुसतं खेळून तो शिकणार काय? आणि इतकी भांडणं होत असतील, तर त्याला उलट शिस्तीच्या क्लासची जास्त गरज नाही का?

गेली २६ वर्षं मी तीन ते सहा वयाच्या मुलांमध्ये काम करते आहे. त्या बाईंचं म्हणणं मला पटतं. पण ‘खेळू द्या’ एवढ्या दोन शब्दांनी आईच्या हाती काही लागत नाही, म्हणून वर्गातला एक प्रसंग आधी सांगते.

एकदा आमच्याकडे पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं आलं होतं. एक मुलगी त्यात जाऊन बसली आणि म्हणाली, ‘ही होडी.’ तिच्या मागोमाग एक मुलगा आत चढला. ‘होडी नाही, दवाखाना.’ दोघंही साडेचारच्या आसपासची. ‘होडी!’ ‘दवाखाना!’ तिनं त्याला ढकललं. तो खोक्याबाहेर बुडावर आपटला आणि रडायच्या आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं. ही नजर तुम्हीही ओळखत असाल. फारसं लागलेलं नसतं, पण ‘आता तुम्ही बघा हिच्याकडे’ असं त्यात असतं. मी बुटक्या स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्याच्याकडे शांतपणे पाहत राहिले. मी पाहिलंय हे त्याला कळलं, पण मी उठले नाही. ‘जा, मी नाहीच खेळत,’ म्हणून तो ठोकळ्यांच्या कोपऱ्यात निघून गेला.

खोकं आता तिच्या एकटीचं. तिनं वल्ही मारली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मिनिटभरात हात थांबले. खोक्याच्या कडेवर हनुवटी टेकून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मोठ्यानं, पण कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, ‘होडीत कुणीतरी आजारी पडलंय.’ त्यानं मान वळवली नाही, पण हातातला ठोकळा हवेतच राहिला. ‘खूप ताप आहे.’ ‘कोणाला?’ ‘तुला.’ ‘मला नाही. मी डॉक्टर.’ आता ती गप्प. डॉक्टर तिलाच व्हायचं होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ‘बरं. मग अस्वलाला ताप. पण होडी मी चालवणार.’ त्यानं कापडी अस्वल काखेत मारलं आणि आत चढला. पुढची चाळीसेक मिनिटं तो तरंगता दवाखाना गावोगाव फिरला. शेवटी त्यात पाच मुलं होती, आणि त्यातला एक नुसता समुद्र होता. खोकं हलवत राहायचं एवढंच त्याचं काम, आणि ते तो अगदी मन लावून करत होता.

विसाव्या सेकंदाला मी हे सगळं मिटवू शकले असते. ‘ढकलायचं नाही. आधी दहा मिनिटं होडी, मग दहा मिनिटं दवाखाना.’ निवाडा न्यायाचा झाला असता. पण होडीतच दवाखाना काढायची कल्पना मला सुचली नसती. आणि त्या मुलीला, कडेवर हनुवटी टेकून घालवलेलं ते एक मिनिट मिळालं नसतं. खोकं आपल्याला मिळालं, तरीही काहीतरी हातचं गेलं, हे तिला त्या मिनिटात कळलं. मग त्याला काय हवं होतं ते तिनं आठवलं, आपल्याला हवं होतं त्यातलं एक सोडलं, एक राखलं, आणि त्याला सहज परत येता येईल असं दार उघडलं. ‘ये ना’ म्हणाली असती तर तो कदाचित आला नसता. मोठ्या माणसांनाही जड जाणारं हे काम आहे.

मोकळ्या खेळाची सगळी ताकद माझ्या मते एकाच गोष्टीत आहे: या खेळातून कुणीही, कधीही उठून जाऊ शकतो. आणि खेळ मोडू नये असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुलांवर जो दबाव येतो तो कुठल्याही शिक्षिकेच्या डोळ्यांपेक्षा जास्त असतो. फार दादागिरी केली तर बाकीचे निघून जातील. सतत रुसून बसलं तर आपल्यावाचून खेळ पुढे जाईल. म्हणून मूल थांबतं, ऐकतं, मनाविरुद्ध चोर होतं, हरतं आणि तरीही परत उभं राहतं. त्याला कुणी ‘शेअर कर’ म्हणालेलं नसतं. खेळ चालू राहायला हवा असेल तर हे करावंच लागतं, हे त्याला स्वतःलाच उमगलेलं असतं.

क्लासमध्ये असं होत नाही, आणि त्यात क्लासचा काही दोष नाही. तिथे मूल उठून जाऊ शकत नाही. पाळी कुणाची ते ताई ठरवतात, वाद झाला तर ताईच मिटवतात. सूचना ऐकणं, रांगेत थांबणं याही शिकण्यासारख्याच गोष्टी आहेत. पण चार मुलांत स्वतःची जागा करून घेणं, ती गेली तर परत मिळवणं, हे तिथे सरावाला मिळतच नाही. तुमच्या मुलाची भांडणं पाहून तुम्हाला शिस्त कमी पडते असं वाटतं; मला सराव कमी पडतो असं वाटतं. आठवड्यातले उरलेले तीन दिवस, त्यात अर्धा तास, आणि कसोटीचा क्षण आला की आई. मग तो शिकणार कधी?

शिस्तीबद्दल आणखी एक. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात असं मांडलं होतं, की काल्पनिक खेळ बिननियमांचा वाटला तरी त्यात नियम ठासून भरलेले असतात. आई झालेलं मूल ‘आईसारखं’ वागायला बांधलेलं असतं. मनात येईल ते आणि भूमिकेला साजेल ते, यांत त्याला क्षणोक्षणी निवड करावी लागते. खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं, असं ते म्हणाले. याची खातरजमा तुम्ही घरीच करू शकाल. ‘दोन मिनिटं हलू नकोस’ असं सांगून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी तो राजवाड्याचा पहारेकरी झाला असेल तेव्हा पाहा. माझ्या वर्गातली सगळ्यात चुळबुळी मुलं मी पहारेकरी म्हणून दगडासारखी उभी राहिलेली पाहिली आहेत. मनाला आवर घालायचा तो सराव असतो, आणि तो मुलानं आपण होऊन घेतलेला असतो.

आता भांडणांकडे येते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

सुरुवातीची काही वर्षं मीही सगळी भांडणं सोडवत असे. सायकल एक आणि मुलं सहा, म्हणून मी वाळूचं घड्याळ आणलं. वाळू संपली की पुढच्याची पाळी. आठवडाभर शांतता होती आणि मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की मुलं आता एकमेकांशी बोलतच नव्हती. सायकल हवी असलेलं मूल सायकलवाल्याकडे जायचंच नाही, ते घड्याळाकडे बघत उभं राहायचं आणि माझ्याकडे यायचं: ‘बाई, त्याची वाळू संपली.’ सायकल चालवणारा चालवण्याऐवजी वाळू किती उरली ते बघायचा. पूर्वी एकजण सायकलवर आणि दुसरा मागे उभा राहून ‘पेट्रोल भरा’ म्हणत असे, ते बंद झालं होतं. वाद मिटले आणि त्यांच्याबरोबर खेळही गेला. ती चूक ओळखायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षातल्या मुलांबद्दल अजून वाईट वाटतं. घड्याळ मी काढून टाकलं. पहिले तीन आठवडे फार गोंगाटाचे गेले. चौथ्या आठवड्यात पेट्रोल पंप परत आला.

तेव्हा भांडण सुरू झालं की लगेच उठू नका. मनातल्या मनात साठपर्यंत मोजा. बरीचशी भांडणं त्याच्या आतच कुठल्या तरी वळणाला लागतात. मुलगा तुमच्याकडे बघेल, तेव्हा त्याच्याकडे बघा, पण तोंडावर काळजी किंवा राग आणू नका. तुमचा चेहरा घाबरला की ती गोष्ट घाबरण्यासारखी आहे असं तो धरून चालतो.

साठपर्यंत मोजूनही गाडी अडलेली असेल तर जवळ जा, खाली बसा आणि जे दिसतंय तेवढंच बोला. ‘दोघांनाही हाच ट्रक हवाय. ट्रक एकच आहे.’ एवढं म्हणून गप्प बसा. ही शांतता तुम्हाला फार लांब वाटेल. मुलांना लागते ती. ‘कुणी आधी घेतला होता?’ असं विचारू नका, कारण त्याचं खरं उत्तर कधीच मिळत नाही आणि दोघंही तुमच्यासमोर वकिली करायला लागतात. मुलांनी काढलेला तोडगा तुम्हाला अन्यायाचा वाटला तरी दोघांना तो चालत असेल तर चालू द्या. एकानं ट्रक घेतला आणि दुसऱ्याला नुसती ‘चावी’ दिली, आणि दुसरा चावी घेऊन खूष झाला, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

‘सॉरी म्हण’ हे मी वर्गातून जवळजवळ हद्दपार केलं आहे. चार वर्षांच्या मुलाला तो शब्द सुटकेची पावती वाटतो: म्हटला की प्रकरण संपलं. त्याऐवजी रडणाऱ्या मुलाकडे त्याचं लक्ष न्या. ‘बघ, त्याच्या कोपराला लागलंय. त्याला आता काय बरं वाटेल?’ कधी तो ओला रुमाल आणतो, कधी आपली गाडी देतो, कधी नुसता शेजारी बसतो. हे यायला वेळ लागतो. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललेलं असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होऊ लागते, आणि तुमचा मुलगा नेमका त्याच उंबरठ्यावर आहे. पाहुणी मुलं दोन-अडीच वर्षांची असतील तर त्यांच्याकडून वाटून घेण्याची अपेक्षाच धरू नका. त्यांच्यासाठी एकसारखी दोन खेळणी ठेवणं हाच उपाय.

कुस्ती आणि ढकलाढकलीची अनेक आयांना भीती वाटते. मुलं एकमेकांवर उड्या मारतात, लोळतात, ओरडतात. यातला खेळ कुठला आणि मारामारी कुठली हे ओळखायला चेहरे बघा. खेळात तोंड उघडं आणि हसरं असतं, हात सैल असतात, आता हा वर तर मग तो वर अशी पाळी फिरते, आणि सुटल्यावर दोघं पुन्हा एकमेकांकडेच धावतात. मारामारीत दात आवळलेले, नजर रोखलेली, एकजण सतत खाली, आणि सुटल्यावर तो पळून जातो. ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं झटापट खेळताना पाहिली. दिसायला लढाई, पण ती लढाई नाही हे माकडांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ‘हा खेळ आहे’ असं एकमेकांना सांगायची काहीतरी खूण त्यांच्यात असणार, हा धागा त्यानं पकडला. मुलं ती खूण अशाच झटापटीत वाचायला शिकतात: समोरच्याचं हसू कधी मावळलं, आपला जोर कुठे जास्त झाला. उंदरांवरच्या प्रयोगांत, बरोबरीच्या पिल्लांशी झटापट खेळायला न मिळालेले उंदीर मोठेपणी इतरांशी वागताना अडखळतात असं दिसलं आहे. उंदरांवरून थेट मुलांवर उडी मारू नये, पण तो सराव साधा नाही एवढं त्यातून कळतं.

मध्ये पडायचंच अशा वेळाही आहेत, आणि तिथे साठपर्यंत मोजायचं नाही. हातात दगड किंवा टोकदार वस्तू असेल, चावणं किंवा गळा धरणं सुरू असेल, तर लगेच थांबवा. दरवेळी तेच एक मूल रडत असेल, किंवा बाकीच्यांनी मिळून त्याला बाहेर ठेवलं असेल, तर तेही आपोआप सुटेल असं समजू नका. तिथे ताकद सारखी नसते, आणि मोठ्यांनी गप्प राहणं म्हणजे बलवानाची बाजू घेणं होतं.

ज्याला कुणी खेळात घेत नाही अशा मुलाला मी एक युक्ती शिकवते. ‘मी येऊ का खेळायला?’ असं विचारलं की ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं, कारण चाललेला खेळ विस्कटेल अशी आतल्यांना धास्ती असते. त्याऐवजी आधी जवळ उभं राहून खेळ काय चाललाय ते बघायचं, मग त्या खेळाला उपयोगी पडेल असं काहीतरी घेऊन जायचं. दुकान चाललं असेल तर गिऱ्हाईक होऊन जायचं. आग विझवत असतील तर पाणी घेऊन जायचं. मुलं लहानग्यांना ‘कच्चं लिंबू’ करून सामावून घेतात तेही याच चालीचं आहे: खेळ मोडायचा नाही आणि त्यालाही बाहेर ठेवायचं नाही. ही तडजोड कुणा मोठ्यानं त्यांना बसून शिकवलेली नसते.

नुसतं बघत उभ्या राहणाऱ्या मुलाची काळजी करू नका. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतल्या मुलांच्या खेळण्याच्या तऱ्हा नोंदवल्या होत्या. त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं, एकट्यानं खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं आणि मिळून खेळणं, या सगळ्यांना जागा आहे. पुष्कळ पालक त्याला जिना समजतात, म्हणजे वरच्या पायरीवर गेलं की खालची सुटली. प्रत्यक्षात पाच वर्षांचं मूलही एका सकाळीत या सगळ्या तऱ्हांमधून फिरून येतं. ठोकळ्यांत तासभर एकटं रमणारं मूल एकलकोंडं झालेलं नसतं.

भावनांचं थोडं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे एक मुलगी रुग्णालयात काही दिवस राहून परत आली. त्यानंतर रोज ती एकच खेळ खेळायची: बाहुलीला इंजेक्शन. पहिल्या दिवशी बाहुली किंचाळली आणि हिनं तिला दाबून धरून सुई टोचली. चेहरा कठोर. सोबतच्या बाई अस्वस्थ झाल्या, ‘बाहुलीला असं दुखवायचं नाही’ म्हणायला निघाल्या, मी थांबवलं. आठवड्याभरानं खेळात एक नर्स आली. मग बाहुलीचा हात धरायला कुणीतरी आलं. आणि तीनेक आठवड्यांनी ती बाहुलीच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘दुखेल. पण मी मोजते, तीनपर्यंतच.’ त्यानंतर लवकरच तो खेळ संपला. जिथे तिचं काही चाललं नव्हतं तो प्रसंग तिनं आपल्या हातात घेतला होता, आणि पेलवेल तेवढाच, रोज थोडा थोडा. तिला खाली बसवून ‘तुला भीती वाटली होती का?’ असं विचारलं असतं, तर ‘नाही’ एवढंच उत्तर आलं असतं.

इथे एक गोष्ट बघायची असते. खेळ हलतो आहे का? रोज काही बदलतंय, कुणी नवीन येतंय, शेवट वेगळा होतोय, तर मूल आपलं काम करतं आहे. महिनोन्‌महिने तोच खेळ, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर मूल जास्तच बिथरलेलं असेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. तसंच, दोन वर्षांचं झालं तरी खोटं खोटं काहीच खेळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, हाक मारली तर बघत नाही, असं असेल तर ‘येईल हळूहळू’ म्हणून वाट बघू नका. विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात मला असं काही दिसत नाही.

तुम्ही पुरावा मागितला आहे, आणि मागायलाच हवा. प्रामाणिकपणे सांगायचं तर काल्पनिक खेळानं मुलाची अमुक क्षमता इतकी वाढते, असं सिद्ध झाल्याचे दावे जितके मोठ्यानं केले जातात तितका पुरावा भक्कम नाही. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरचे अभ्यास तपासले तेव्हा कार्यकारणभाव दाखवणारा पुरावा त्यांना बराच कच्चा आढळला. २०१४ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचा दिनक्रम पाहिला. ज्यांच्याकडे मोकळा वेळ जास्त होता ती मुलं, ‘पुढे काय करायचं’ हे स्वतः ठरवावं लागणाऱ्या कामात सरस होती. पण असा अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालतात एवढंच सांगतो, कोण कोणामुळे ते नाही. म्हणून ‘खेळला तर हुशार होईल’ असं मी कुणालाच सांगत नाही. मी एवढंच म्हणते, की ज्या वागण्याचा सराव व्हावा असं आपल्याला वाटतं, ते वागणं मुलं खेळताना दिवसातून पन्नासदा करताना मी पाहते, आणि दुसरीकडे कुठे इतकं पाहत नाही.

मोठ्यांच्या शिकवण्यानं काय होतं याचा मात्र एक नेमका प्रयोग आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच वर्षांच्या मुलांना अनेक करामती असलेलं एक नवं खेळणं दिलं. काहींना एक करामत नीट शिकवून दाखवली, काहींच्या हाती ते तसंच दिलं. शिकवलेली मुलं तीच करामत करत राहिली आणि खेळणं लवकर खाली ठेवलं. बाकीच्यांनी जास्त वेळ शोधाशोध केली आणि जास्त करामती सापडवल्या. बक्षिसाचंही असंच. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी तीच मुलं, आपणहोऊन चित्रं काढण्यात इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ घालवत होती. तेव्हा त्याच्या खेळाला ‘वा, किती छान!’ म्हणून सारखी दाद देऊ नका आणि ‘यात किती चाकं आहेत, मोज बरं’ असंही करू नका. बोलावंसं वाटलं तर जे दिसतंय ते बोला, नाहीतर आपलं काम करत जवळपास राहा. त्यानं तुम्हाला खेळात एखादी भूमिका दिली तर जरूर घ्या, पण संवाद त्यालाच विचारा. ‘मी आता काय म्हणू?’ हा मुलांशी खेळताना विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. खोकी, चादरी, लाकडी ठोकळे, दोरी, वाळू, पाणी, झाकणं. ज्याचं काहीही होऊ शकतं ते बरं. बटण दाबलं की गाणारी बाहुली गाणंच म्हणते. खेळणी थोडी काढा, बाकीची उचलून ठेवा. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या २०१८ मधल्या एका छोट्या अभ्यासात १६ खेळण्यांऐवजी ४ च समोर होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. पडद्याबद्दल एकच वाक्य: खेळाच्या वेळात टीव्ही मागे चालू असेल तर तो बंद करा, कारण कुणी बघत नसलं तरी तो खेळ तोडत राहतो.

वेळ मात्र भरपूर लागतो, आणि तो सलग हवा. अर्ध्या तासात भांडण होतं असं तुम्ही लिहिलंत, ते मला अगदी स्वाभाविक वाटलं. मुलं भेटल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही असं दिसतं. इकडे तिकडे हिंडतात, एक खेळणं उचलतात, टाकतात, एकमेकांना चाचपतात. मग कोण काय होणार यावरून वाद होतो. खेळ त्यानंतर सुरू होतो. तुम्ही त्या वादाला भांडण समजून थांबवता आणि मुलं आपापल्या घरी जातात, म्हणजे दरवेळी तयारी होते आणि खेळ राहून जातो. निदान दीड तास द्या. आणि शक्य असेल तर तीच दोन-तीन मुलं परत परत येऊ देत. मागच्या वेळचं भांडण आणि मागच्या वेळची होडी, दोन्ही लक्षात असलेली मुलं वेगळ्या तऱ्हेनं खेळतात.

क्लास कुठले सोडायचे ते तुम्ही विचारलं आहे. ज्या क्लासहून आल्यावर घरी तो आपणहोऊन तेच खेळतो, तो ठेवा. गाणं गुणगुणतो, तर गाणं ठेवा. चित्रकला घरीच होते आहे. अंकांचा मी आजच बंद केला असता. म्हणजे चारातले एक किंवा दोन राहतील. एकदम सगळे बंद करून ‘आता खेळ’ म्हणू नका.

राहिला कंटाळा. ज्या मुलाची संध्याकाळ नेहमी कुणीतरी दुसऱ्यानं आखलेली असते, त्याला रिकाम्या वेळाचं काय करायचं ते ठाऊक नसतं. पहिले आठ-दहा दिवस तो दर पाच मिनिटांनी येईल. त्याला खेळ सुचवू नका, आणि ‘कंटाळा कसला येतो तुला?’ म्हणून रागवूही नका. ‘हं, कंटाळा आलाय,’ एवढं म्हणा, जवळ घ्या आणि हातातलं काम चालू ठेवा. तो तुमच्या पायाशी लोळेल, कुरकुरेल, खुर्चीखाली जाईल. खुर्चीखाली गेला की तिकडे बघू नका. थोड्या वेळानं तिथून वेगळ्याच आवाजात बोलणं ऐकू येईल. तेव्हा त्याला कशासाठीही हाक मारू नका, जेवण तयार असलं तरी दहा मिनिटं थांबू द्या.